पहिल्याच फेरीत बाहेर? टेनिस स्पर्धेची पहिली फेरी कशी ठरते, आणि तिथं पोहोचणं इतकं अवघड का असतं

विम्बल्डन असो नाहीतर ऑस्ट्रेलियन ओपन, स्पर्धा सुरू झाली की दोन दिवसांत एक बातमी मोबाईलवर येतेच. "भारताचा अमुक खेळाडू पहिल्याच फेरीत गारद." खाली कमेंट ठरलेल्या असतात. हरायचंच होतं तर गेला कशाला, एक सामना जिंकता येत नाही का, वगैरे वगैरे.

पण ज्या फेरीला आपण "पहिली" म्हणतो, ती त्या खेळाडूसाठी बऱ्याचदा पहिली नसतेच. तिथं यायच्या आधी त्याने कित्येक महिने छोट्या स्पर्धा खेळलेल्या असतात, पात्रता फेरीचे सामने जिंकलेले असतात, क्रमवारीत शेकडो जणांना मागे टाकलेलं असतं. पहिल्या फेरीचा सामना मिळणं हीच अनेकांसाठी वर्षभराची कमाई असते.

हे गणित समजून घ्यायला लंडन-मेलबर्नला जायची गरज नाही. पुण्यात बालेवाडीला पुरुषांची एटीपी दर्जाची स्पर्धा पाच वेळा झाली आहे. शिरूर किंवा दौंडहून सकाळी निघून, जगातल्या पहिल्या शंभरातल्या खेळाडूंचे सामने बघून रात्री घरी परत येता येत होतं. त्याच स्पर्धेचं उदाहरण घेऊन पहिल्या फेरीचा सगळा मामला बघूया.

बालेवाडीची स्पर्धा नेमकी कोणती?

ही एटीपी टूर स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, ती चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तिथंच राहिली. चेन्नई ओपन म्हणून आपण जी ऐकत आलो, ती हीच.

२०१८ मध्ये ही स्पर्धा पुण्यात आली. महाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ती भरायला लागली आणि तिचं नाव झालं टाटा ओपन महाराष्ट्र. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं हे संकुल. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही इथंच झाल्या होत्या.

पुण्यात ही स्पर्धा २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशी पाच वर्षं झाली. २०२१ ची स्पर्धा कोरोनामुळे होऊ शकली नाही. एकेरीचे विजेते असे:

- २०१८: फ्रान्सचा गिल्स सिमॉन
- २०१९: दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन
- २०२०: चेक प्रजासत्ताकचा यिरी वेसेली
- २०२२: पोर्तुगालचा जोआओ सूसा
- २०२३: नेदरलँड्सचा टालॉन ग्रीक्सपूर

२०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यातून गेली. २०२४ च्या जानेवारीपासून तिच्या जागी हाँगकाँगची स्पर्धा एटीपीच्या वेळापत्रकात आली.

२८ खेळाडू, पण पहिल्या फेरीत सामने फक्त १२

बालेवाडीची स्पर्धा एटीपी २५० या गटातली होती. २५० म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. या गटाच्या वर ५०० आणि १००० गुणांच्या स्पर्धा असतात. सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम, जिथं विजेत्याला २००० गुण मिळतात.

एटीपी २५० स्पर्धेच्या मुख्य फेरीत साधारणपणे २८ खेळाडू असतात. आता २८ हा आकडा बाद फेरीच्या हिशोबात नीट बसत नाही. ३२ असते तर १६ सामने, मग ८, मग ४, असं सरळ गणित झालं असतं. चार जण कमी पडतात.

गावाकडच्या कबड्डी स्पर्धेत काय करतात? संघ कमी पडले की लॉट पाडताना काहींना "बाय" देतात. टेनिसमध्येही तेच. फरक इतकाच की इथं बाय चिठ्ठीवर मिळत नाही, क्रमवारीवर मिळतो. पहिल्या चार मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. उरलेले २४ जण आपसांत १२ सामने खेळतात. त्यातले १२ विजेते आणि बाय मिळालेले ४ असे १६ जण दुसऱ्या फेरीत येतात.

ग्रँड स्लॅममध्ये मात्र बाय नसतो. तिथं १२८ खेळाडू असतात, पहिल्या फेरीत ६४ सामने होतात आणि जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूलाही पहिल्या फेरीत कोर्टवर उतरावंच लागतं. महिला एकेरीतही हाच आकडा असतो. म्हणजे ग्रँड स्लॅमची पहिली फेरी म्हणजे एकेरीचेच १२८ सामने. पुरुषांचे पाच सेटपर्यंत चालणारे, महिलांचे तीन सेटपर्यंत.

या २८ जागा भरतात कशा?

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मुख्य फेरीत जायचे रस्ते वेगवेगळे आहेत.

पहिला रस्ता थेट प्रवेशाचा. २८ च्या ड्रॉमध्ये साधारण १९ जागा क्रमवारीवर भरतात. स्पर्धेच्या काही आठवडे आधीची क्रमवारी धरली जाते. त्या दिवशी जे अर्ज आलेले असतील, त्यातले वरचे घेतले जातात. त्यामुळे एखाद्या खेळाडूची क्रमवारी स्पर्धेच्या आठवड्यात सुधारली तरी तिचा प्रवेशासाठी उपयोग होत नाही.

दुसरा रस्ता पात्रता फेरीचा. यातून ४ जागा भरतात. मुख्य फेरी सुरू व्हायच्या आधी, शनिवार-रविवारच्या सुमारास, १६ जणांची वेगळी स्पर्धा होते. सलग दोन सामने जिंकणारे चौघे मुख्य फेरीत जातात. असा खेळाडू सोमवारी "पहिल्या फेरीत" दिसतो, तेव्हा तो खरं तर त्या आठवड्यातला तिसरा सामना खेळत असतो. ग्रँड स्लॅममध्ये हे आणखी कठीण. तिथं पात्रतेचे तीन सामने जिंकावे लागतात आणि जागा १६ असतात.

तिसरा रस्ता वाइल्ड कार्डचा. क्रमवारीत न बसणाऱ्या खेळाडूला आयोजक आपल्या अधिकारात जागा देतात. २८ च्या ड्रॉमध्ये अशा ३ जागा. स्थानिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धेची संधी बहुतेक वेळा इथूनच मिळते.

चौथा रस्ता खास सवलतीचा, २ जागांचा. समजा एखादा खेळाडू आधीच्या आठवड्यात दुसऱ्या स्पर्धेत जिंकत राहिला आणि त्यामुळे इथली पात्रता फेरी खेळायला वेळेवर पोहोचू शकला नाही. जिंकल्याची शिक्षा नको म्हणून त्याला थेट जागा दिली जाते. असा कुणी नसेल तर त्या जागा क्रमवारीवर भरतात.

याशिवाय "लकी लूझर" नावाचा एक प्रकार आहे. मुख्य फेरीतला कुणी आपला पहिला सामना खेळायच्या आधीच आजारी पडला किंवा जखमी झाला, तर त्याच्या जागी पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेल्यांपैकी एकाला घेतात. माणूस हरलेला असतो, तरी मुख्य फेरीत खेळतो. म्हणून पात्रतेत हरलेले खेळाडू लगेच बॅगा भरून निघत नाहीत. नाव नोंदवून, रॅकेट घेऊन ते मैदानावरच थांबतात.

एकदा का त्या खेळाडूने पहिला सामना खेळला, की मग लकी लूझरचा मार्ग बंद. २०२३ मध्ये बालेवाडीत अव्वल मानांकित मारिन चिलिचने गुडघ्याच्या दुखापतीमुळे उपांत्यपूर्व फेरीआधी माघार घेतली. तेव्हा त्याच्या जागी कुणालाही घेता येणार नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला सरळ पुढे चाल मिळाली.

इथं एक शब्दाचा घोळ लक्षात ठेवायला हवा. मराठी बातम्यांमध्ये "पुढे चाल" हा शब्द दोन्हीकडे वापरतात. ड्रॉमध्येच सामना नसतो तो बाय. सामना ठरलेला असतो पण समोरचा येतच नाही तो वॉकओव्हर. आणि सामना सुरू झाल्यावर मध्येच सोडला तर ती निवृत्ती, म्हणजे रिटायरमेंट.

कुणाचा सामना कुणाशी, हे कोण ठरवतं?

निम्मं क्रमवारी ठरवते, निम्मं नशीब.

२८ च्या ड्रॉमध्ये ८ खेळाडूंना मानांकन असतं. पहिलं मानांकन असलेला ड्रॉच्या अगदी वरच्या टोकाला, दुसरं असलेला अगदी खालच्या टोकाला. तिसरा आणि चौथा वेगवेगळ्या भागांत. हेतू हा की दोन सगळ्यात तगडे खेळाडू अंतिम फेरीच्या आधी समोरासमोर येऊ नयेत.

बाकीच्यांची नावं मात्र चिठ्ठीने निघतात. इथं देश बघत नाहीत, ओळख बघत नाहीत. त्यामुळे घरच्या स्पर्धेतच दोन भारतीय पहिल्या फेरीत एकमेकांसमोर येऊ शकतात. पुण्यातल्या पहिल्याच वर्षी, २०१८ मध्ये, तसं झालंही. दिल्लीचा युकी भांबरी आणि पुण्याचा अर्जुन कढे यांची गाठ पहिल्या फेरीतच पडली. युकी जिंकला. यजमान शहराचा खेळाडू बाहेर गेला तो भारतीय खेळाडूच्याच हातून.

मानांकन नसलेल्याला पहिल्या फेरीत कोण मिळेल याचा नेम नसतो. सुमित नागलचं २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये हेच झालं. पात्रतेचे तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला आणि पहिल्याच सामन्यात समोर रॉजर फेडरर. नागलने पहिला सेट ६-४ असा घेतला. पुढचे तीन सेट फेडररने १-६, २-६, ४-६ असे काढून घेतले. निकालाच्या रकान्यात "पहिल्या फेरीत पराभूत" एवढंच लिहिलं गेलं.

हरलं तर हाती काय लागतं?

एटीपी २५० स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला क्रमवारीचे शून्य गुण मिळतात. होय, शून्य. २०२४ पासून लागू असलेल्या तक्त्यानुसार:

- विजेता: २५०
- उपविजेता: १६५
- उपांत्य फेरी: १००
- उपांत्यपूर्व फेरी: ५०
- दुसऱ्या फेरीत पराभूत: २५
- पहिल्या फेरीत पराभूत: ०

पात्रता फेरीतून आलेल्याला मात्र पात्र ठरल्याचे १३ गुण वेगळे मिळतात. म्हणजे पात्रता फेरीतून आलेला आणि वाइल्ड कार्डवर आलेला, दोघंही पहिल्या फेरीत हरले तर पहिल्याच्या खात्यात १३ आणि दुसऱ्याच्या खात्यात शून्य.

बाय मिळालेल्यांसाठीही एक गंमत आहे. दुसऱ्या फेरीत तो आपला पहिलाच सामना हरला, तर त्याला दुसऱ्या फेरीचे गुण मिळत नाहीत. पहिल्या फेरीचेच, म्हणजे शून्य गुण मिळतात. पैसे तेवढे दुसऱ्या फेरीचे मिळतात.

ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १० गुण आणि जिंकून दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला ५० गुण. पण तिथला खरा फरक पैशांचा. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख ८० हजार.

हा आकडा फार मोठा वाटतो. पण टेनिसपटूला पगार नसतो. प्रशिक्षक, फिजिओ, विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं स्वतःच्या खिशातून. भारताचा एक नंबरचा एकेरी खेळाडू असूनही आपल्या बँक खात्यात ९०० युरो उरल्याचं नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी तो मेलबर्नला पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आला. क्रमांक होता १३७. पहिल्या फेरीत समोर ३१ वं मानांकन असलेला कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक. नागलने त्याला ६-४, ६-२, ७-६ असं सरळ सेटमध्ये हरवलं.

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीय पुरुषाने हरवण्याची ही ३५ वर्षांतली पहिलीच वेळ होती. त्याआधी १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरवलं होतं. पहिल्या फेरीचा एक सामना जिंकल्याने काय बदलू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून नागल पहिल्या शंभरात आला आणि जुलै २०२४ मध्ये तो ६८ व्या क्रमांकावर होता.

आता याच्या बरोबर एक वर्ष मागे जा. जानेवारी २०२३, बालेवाडी. दुखापतीतून सावरणारा नागल क्रमवारीत पाचशेच्या आसपास घसरला होता. पहिल्या फेरीत त्याची गाठ सर्बियाच्या फिलिप क्रायिनोविचशी पडली. तीन सेट झुंजून नागल हरला. तेव्हाही बातमी "पहिल्या फेरीत बाहेर" हीच होती.

पंधराव्या वर्षी पहिली फेरी

बालेवाडीच्या त्याच २०२३ च्या स्पर्धेत आणखी एक पहिल्या फेरीचा सामना गाजला. पुण्याच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड मिळालं होतं. त्याचा जन्म २९ डिसेंबर २००७ चा. म्हणजे २ जानेवारी २०२३ ला तो कोर्टवर उतरला तेव्हा त्याला पंधरा वर्षं पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. समोर अमेरिकेचा मायकेल ममोह. निकाल २-६, ४-६.

गुणांच्या भाषेत या सामन्यातून मानसला काहीच मिळालं नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला एटीपीच्या मुख्य फेरीत, स्वतःच्या शहरात, घरच्या लोकांसमोर खेळायला मिळणं ही गोष्ट वाइल्ड कार्डशिवाय झालीच नसती. वाइल्ड कार्ड देणं यजमानांच्या हातात असतं. स्पर्धा पुण्यात होती म्हणून पुण्याच्या मुलाला ते मिळालं. स्पर्धा गेली तसं दरवर्षी भारतीय खेळाडूंना मिळू शकणाऱ्या त्या तीन जागाही गेल्या. हाँगकाँगचे आयोजक आपल्या जागा आधी आपल्याच खेळाडूंना देणार हे उघड आहे.

महिलांच्या टेनिसमध्ये असंच एक उदाहरण मुंबईचं आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर होणारी मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा. २०२५ मध्ये तिथं कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन हिला पात्रता फेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं. ती पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आली, पहिली फेरी जिंकली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथं तिला स्वित्झर्लंडच्या यिल टाइशमनने हरवलं. तीच पुढे स्पर्धा जिंकली.

पहिल्या फेरीतून आलेलेच जास्त जिंकले

बालेवाडीच्या पाच विजेत्यांची यादी पुन्हा बघा. यातला अव्वल मानांकन आणि बाय मिळालेला एकच, २०१९ चा अँडरसन. बाकी चौघांना बाय नव्हता. सिमॉन, वेसेली, सूसा आणि ग्रीक्सपूर, सगळ्यांची सुरुवात पहिल्या फेरीपासून झाली.

२०१८ मध्ये सिमॉनला मानांकनच नव्हतं. पाच सामने जिंकून तो विजेता झाला आणि वाटेत उपांत्य फेरीत अव्वल मानांकित चिलिचला आणि अंतिम फेरीत दुसऱ्या मानांकित अँडरसनला त्याने हरवलं. ग्रीक्सपूरसाठी पुण्याचं विजेतेपद हे त्याच्या कारकिर्दीतलं पहिलं एटीपी विजेतेपद ठरलं.

यामागे एक साधं कारण सांगितलं जातं. बाय मिळालेला ताजा असतो, पण त्याचा हात बसलेला नसतो. त्याचा पहिला सामना हा समोरच्याचा दुसरा असतो. नव्या शहरातली हवा, चेंडूची उसळी, कोर्टचा वेग याचा अंदाज समोरच्याला आधीच आलेला असतो. पुण्याची स्पर्धा बहुतेकदा वर्षाच्या पहिल्या आठवड्यात असायची, सुट्टीनंतरची पहिलीच. त्यामुळे हा फरक आणखी जाणवण्यासारखा होता.

जगातला सगळ्यात लांबलेला सामनाही पहिल्या फेरीचाच

पहिली फेरी म्हणजे एकतर्फी सामने, असं समजणाऱ्यांसाठी ही माहिती. टेनिसच्या इतिहासातला सगळ्यात जास्त वेळ चाललेला सामना विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत झाला. २०१० साली अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू १८ नंबरच्या कोर्टवर उतरले. २२ जूनला सुरू झालेला सामना २४ जूनला संपला. एकूण खेळ ११ तास ५ मिनिटं. पाचवा सेट इस्नरने ७०-६८ असा जिंकला.

तेव्हा शेवटच्या सेटमध्ये टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं असा नियम होता. आता तसं होऊ शकत नाही. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटमध्ये ६-६ झालं की १० गुणांचा टायब्रेकर होतो.

नियम बदलायला लावणारी पहिल्या फेरीची आणखी एक अडचण होती. दुखापत असतानाही काही खेळाडू फक्त पैशांसाठी कोर्टवर उतरायचे आणि थोडं खेळून सामना सोडून द्यायचे. प्रेक्षकांचं नुकसान आणि पात्रतेत हरलेल्या तंदुरुस्त खेळाडूचंही. म्हणून २०१८ पासून ग्रँड स्लॅममध्ये नवी सोय आली. स्पर्धेच्या ठिकाणी येऊन वेळेत माघार घेतली तर पहिल्या फेरीची निम्मी रक्कम त्या खेळाडूला मिळते. उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्या लकी लूझरला, आणि पुढे जिंकला तर त्याची वेगळी कमाई.

शिरूर-दौंडच्या मुलांसाठी रस्ता कुठून सुरू होतो?

बालेवाडी पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडीच्या अलीकडे. शिरूर नगर रस्त्यावर आणि दौंड सोलापूरच्या बाजूला, म्हणजे दोन्ही पुण्याच्या पूर्वेला. शिरूरहून रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत यायचं नाहीतर दौंडहून रेल्वेने पुणे स्टेशन गाठायचं, आणि मग अख्खं शहर ओलांडायचं. एक दिवस सामना बघायला हे ठीक आहे. रोज सरावासाठी मात्र हे अंतर जमणारं नाही. टेनिस मोठ्या शहरांभोवतीच का फिरतं याचं एक कारण इथं आहे.

तरीही कागदावरचा रस्ता सगळ्यांसाठी सारखाच आहे. सुरुवात अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या नोंदणीपासून होते. १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील गटांच्या मानांकन स्पर्धा असतात. महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना हे काम बघते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या कुमार गटाच्या स्पर्धा, आणि मग व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी, म्हणजे एम-१५ आणि एम-२५ या स्पर्धा. महिलांसाठी डब्ल्यू-१५ पासून सुरुवात होते.

३२ जणांच्या एम-१५ स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिला सामना जिंकला की एटीपी क्रमवारीचा १ गुण मिळतो. फक्त एक. पण हा एक गुण मिळाला की त्या मुलाचं नाव पहिल्यांदा जागतिक क्रमवारीत येतं. तिथून वर चॅलेंजर, मग एटीपी २५० ची पात्रता फेरी, मग मुख्य फेरी. प्रत्येक पायरीवर पुन्हा पहिली फेरी असतेच.

एकट्या पुण्याचा विचार केला तर एटीपी २५० गेली तरी बालेवाडीचं कोर्ट ओस पडलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथं चॅलेंजर १०० दर्जाची महा ओपन झाली. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाचे आशिया-ओशिनिया गटाचे सामनेही इथंच झाले.

बघायला जायचं तर पहिल्या फेरीलाच का?

अशा स्पर्धांमध्ये अंतिम दिवशी एकेरीचा एकच सामना असतो. पहिल्या फेरीच्या दिवशी तीन-चार कोर्टवर एकाच वेळी खेळ सुरू असतो. बाजूच्या कोर्टवर प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात काही फुटांचं अंतर. ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस टीव्हीवर दिसते वेगळी आणि जवळून बघताना वाटते वेगळी.

जायचं ठरलंच तर एवढं करा. आदल्या संध्याकाळी स्पर्धेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम लागतो, तो बघा. त्यात फक्त पहिल्या सामन्याची वेळ नक्की असते. पुढचे सामने आधीचा संपला की सुरू होतात. एखाद्या सामन्यापुढे "या वेळेआधी नाही" असं लिहिलेलं असेल, तर तो त्या वेळेच्या आधी सुरू होणार नाही एवढंच समजायचं, नंतर कितीही उशीर होऊ शकतो. दौंडला परतायची शेवटची गाडी असेल तर हा हिशोब आधीच केलेला बरा.

पुढच्या वेळी बातमी आली तर काय बघायचं?

"पहिल्याच फेरीत गारद" ही ओळ दिसली की चार गोष्टी तपासा. खेळाडू थेट प्रवेशाने आला होता, पात्रता फेरीतून आला होता की वाइल्ड कार्डवर? समोरच्याला मानांकन होतं का? स्पर्धा कोणत्या दर्जाची होती, २५० ची, चॅलेंजर की ग्रँड स्लॅम? आणि त्या आठवड्यातला हा त्याचा कितवा सामना होता?

एटीपीच्या संकेतस्थळावर ड्रॉ कुणालाही बघता येतो. नावापुढे क्यू असेल तर पात्रता फेरीतून आलेला, डब्ल्यूसी असेल तर वाइल्ड कार्डवाला, एलएल असेल तर लकी लूझर. नावापुढे कंसात आकडा असेल तर ते मानांकन. या चार खुणा वाचता आल्या की त्या एका ओळीच्या बातमीमागे किती सामने झाले आहेत ते लगेच कळतं.